‘गेट’ हे इंग्रजी क्रियापद नीट कसे समजून घ्यावे

‘गेट’चे सगळे अर्थ एका तक्त्यात छापून ‘हे पाठ करा’ असे सांगणारा सल्ला प्रथम बाजूला ठेवावा, कारण या क्रियापदाचा अर्थ बहुधा त्याच्या पुढे काय येते त्यावरून ठरतो. पुढे नाम असेल तर ‘मिळणे’ (गॉट अ लेटर), विशेषण असेल तर ‘होणे’ (गॉट अँग्री) आणि ठिकाण असेल तर ‘पोहोचणे’ (गॉट टू द स्टेशन). हा भाग सोपा आहे; त्यावर अधिक वेळ घालवू नये.

खरी अडचण दुसऱ्याकडून काम करवून घेण्याच्या रचनेत येते आणि मलाही सर्वाधिक वेळ तिथेच द्यावा लागला. मराठीत ‘मी केस कापले’ असे म्हटले तरी कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. इंग्रजीत मात्र ‘आय कट माय हेअर’ म्हणताच कात्री बोलणाऱ्याच्या हातात जाते. म्हणून तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ असे म्हणावे लागते: आधी ‘गॉट’, मग वस्तू आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप. हा क्रम मोडून ‘आय गॉट कट माय हेअर’ असे म्हटले, तर ते वाक्य इंग्रजीच राहत नाही. वाक्य रचण्यापूर्वी मनात ‘करवून घेतले’ असे म्हणून पाहावे. ते बसत असेल तर हीच रचना वापरावी.

काम करणाऱ्या माणसाचा उल्लेख करायचा असेल, तर ‘टू’ अजिबात गाळू नये: ‘आय गॉट हिम टू साइन’. ‘मेक’नंतर तो ‘टू’ येत नाही (आय मेड हिम साइन), आणि त्यामुळेच गोंधळ होतो. अर्थातही फरक आहे. ‘मी त्याला सही करायला लावली’ या मराठी वाक्यातून मन वळवले की भाग पाडले हे स्पष्ट होत नाही. इंग्रजीत ‘गेट’ बहुधा मन वळवण्याकडे झुकते, तर ‘मेक’ भाग पाडण्याकडे. ही दोन क्रियापदे समानार्थी म्हणून शिकवणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.

व्युत्पत्ती थोडक्यात पाहावी. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या व्हायकिंगांच्या प्राचीन नॉर्स भाषेतील ‘गेटा’, म्हणजे मिळवणे, या शब्दावरून ‘गेट’ आले आणि १२०० च्या सुमारास ते इंग्रजी लेखनात दिसू लागले. त्याचे सगेसोयरे जुन्या इंग्रजीत आधीपासूनच होते. ‘फरगेट’ हे त्यांपैकीच एक, ज्याचा मूळ भाव हाती असलेले निसटणे असा आहे. दार या अर्थाच्या ‘गेट’शी मात्र याचा काहीही संबंध नाही.

राहिला ‘गॉटन’, म्हणजे ‘गेट’चे ‘गॉट’खेरीजचे दुसरे तिसरे-रूप (भूतकालवाचक धातुसाधित). ब्रिटिश इंग्रजीत ‘फरगॉटन’ टिकले, पण ‘गॉटन’ जवळजवळ लोपले. अमेरिकेत ते आजही जिवंत आहे आणि तिथे ‘आय हॅव गॉट’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, तर ‘आय हॅव गॉटन’ म्हणजे ‘मला मिळाले आहे’. दोन्ही शुद्धच आहेत. फक्त एकाच लेखनात ब्रिटिश आणि अमेरिकी वळण मिसळू नये.