दिवाळीच्या सुट्टीआधी क्वाड तयार करताना

पावसाळाभर पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली स्पोर्ट क्वाड, म्हणजे कच्च्या वाटेवर चालवायची चार चाकांची हँडलवाली गाडी, दसऱ्याला बाहेर निघते आणि पहिला प्रश्न येतो तो एक्झॉस्टचा: नवा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायचा का? माझं मत स्पष्ट आहे: एक्झॉस्ट सगळ्यात शेवटी. कोकणात गाडीचा दम खातात ती रेती आणि खारी हवा. आधी त्यांचा बंदोबस्त करा, मग उरलेल्या पैशांचं बघा.

सुरुवात टाकीपासून करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. जून ते सप्टेंबरच्या आपल्या दमट हवेत तर विचारायलाच नको. कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि थोडा वेळ राहू द्या. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीसकट सगळं जुनं पेट्रोल काढा, पायलट आणि मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या पितळी नळ्या) कार्ब क्लीनरने साफ करा.

मग एअर फिल्टर, आणि इथे मुळीच घाई करू नका. फोमचा फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊ नका, फोम आणि त्याचे सांधे खराब होतात. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण घालून दाबून-दाबून धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा. वाळल्यावर फोम फिल्टरचंच तेल लावा. ते चिकट असतं, म्हणून बारीक रेती त्यात अडकते. फिल्टर जिथे बसतो त्या कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. बसवण्याआधी एक गोष्ट नक्की करा: बोटाला पांढरा फडका गुंडाळून फिल्टरच्या पुढच्या, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीत आतून फिरवा. फडका स्वच्छ आला तर उत्तम. त्यावर करकर लागली, तर रेती इंजिनात जाते आहे, आणि सिलिंडर झिजत असताना बाकी कुठल्याही अपग्रेडला अर्थ नाही.

एअरबॉक्सचं, म्हणजे फिल्टरच्या डब्याचं झाकण काढलं की हवा जास्त मिळते, हे खरं. पण पुळणीवर मागच्या चाकांनी उडवलेली ओली रेती थेट आत जाते. झाकण ठेवाच. पुण्याहून आणलेल्या कार्बोरेटरच्या गाडीचं जेटिंग, म्हणजे जेटचा आकार बरोबर आहे का, मात्र तपासा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथली हवा त्याहून दाट, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नवा प्लग घाला, पूर्ण थ्रॉटलवर चालवून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. पांढरट असेल तर मेन जेट एक नंबर मोठा, काळी काजळी असेल तर एक नंबर छोटा, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. जेट स्वस्त असतात, पिस्टन नाही.

टायरमधली हवा म्हणजे फुकटातला सगळ्यात मोठा फरक. स्पोर्ट क्वाडला साधारण ४ ते ५ पीएसआय लागतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मोटारसायकलचा गेज इतक्या खालचं मोजत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरू नका, क्षणात टायर दगडासारखा होतो. सायकलचा पंप बरा. डाव्या-उजव्या टायरमध्ये अर्ध्या पीएसआयचाही फरक नको, गाडी एका बाजूला ओढते. मऊ रेतीत खालच्या मर्यादेवर राहा. जांभ्यावर थोडी हवा वाढवा, त्या धारदार कडांवर मऊ टायरची रिम ठोकली जाते.

मग पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं इंजिनाकडचं दातेरी चक्र. १४ दातांच्या जागी १३ दातांचं बसवलं की चाकावरची ओढ ७.७ टक्क्यांनी वाढते आणि कमाल वेग साधारण ७ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या चढांवर आणि रेतीत कमाल वेग लागतो कुणाला? साखळीच्या कडीवर कोरलेला नंबर, ५२० की ४२८, बघूनच स्प्रॉकेट घ्या. साखळीचा ताण माणूस गाडीवर बसलेला असताना तपासा. लहान स्प्रॉकेटवर स्विंगआर्मचं (मागची चाकं धरणाऱ्या दांड्याचं) साखळीखालचं रबर लवकर झिजतं, त्यावर नजर असू द्या.

शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते, तुमच्या वजनाप्रमाणे लावा, पान्याशिवाय काही लागत नाही. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते, टेपने मोजा. दोरीचा किल स्विच नसेल तर लगेच बसवा. गाडीवरून पडलात तर इंजिन तिथेच बंद होतं. लहान मुलं चालवणार असतील, तर थ्रॉटल अडवणारा स्क्रू काढू नका.

आता चालवायची कुठे? रस्त्याची नोंदणी नसलेली क्वाड टेम्पोत घालूनच न्यायची. अनेक किनाऱ्यांवर गाड्यांना बंदी आहे, आधी ग्रामपंचायतीत विचारा. नोव्हेंबर ते मार्च वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं भरतीरेषेच्या वर रेतीत अंडी घालतात. तिथे चाक जाता कामा नये, परवानगी असली तरी. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरही तेच. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा भव्य हत्ती त्यातलाच, आणि ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभ्यात कोरलेली रेघ टायरने खरवडली गेली की परत येत नाही. ओळखीच्या माणसाच्या वाडीत किंवा पडीक जमिनीत, मालकाला विचारून चालवा. मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट शेवटी ठेवायचं हेही कारण: ज्यांच्या परवानगीवर आपण चालवतो, त्यांची दुपारची झोप मोडली की पुढच्या वेळी फाटक उघडत नाही.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. पाइपचा जोर बेअरिंगवर आणि एअरबॉक्सवर मारू नका. ब्रेक कॅलिपरच्या पिना साफ करा, साखळी पुसून लगेच तेल द्या, आणि फिल्टर उघडून बघा. सुट्टीत रोज चालवणार असाल तर तेल लावून तयार ठेवलेला दुसरा फिल्टर पिशवीत असू द्या.