शेअरवरची फाइल उघडत नाही? आधी कॉपी काढा

भोसरीत गुरुवारी महावितरणचं काम झालं की शुक्रवारी सकाळी ऑफिसात हाक ठरलेली, 'शेअरवरची (म्हणजे सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या फोल्डरातली) एक्सेल उघडत नाहीये.' गेल्या खेपेला स्क्रीनवर 'फाइल करप्ट आहे' असं वाचलं आणि मी सर्व्हरवरच्या मूळ फाइलवरच 'ओपन अँड रिपेअर' चालवलं. पुढे 'कन्व्हर्ट टू व्हॅल्यूज' दाबलं आणि त्याच नावाने सेव्ह केलं. सगळे फॉर्म्युले गेले, नुसते आकडे उरले. कॉस्टिंगची शीट पुन्हा बांधायला दोन दिवस लागले, आणि मूळ फाइल तर मुळात चांगलीच होती.

केबल, वाय-फाय बघितलंच असेल. आता फाइल स्वतःच्या डेस्कटॉपवर कॉपी करा आणि ती कॉपी उघडा. उघडली तर फाइल धडधाकट आहे, घोळ तिच्यापर्यंत पोचायच्या वाटेत आहे. नाही उघडली तर दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, साहेब मागे उभे असले तरी नाही.

मग शॉर्टकटचा पत्ता बघा. आमचं इथेच अडलं होतं. लाइट आल्यावर सर्व्हर नावाने सापडेना, म्हणून कुणीतरी १९२.१६८ वाल्या आकडी पत्त्याने नवा शॉर्टकट केला. असा पत्ता विंडोज इंटरनेटमध्ये धरतं, फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये (नुसतं वाचता येईल अशी, सुरक्षेसाठी) उघडते आणि कधीकधी चांगल्या फाइललाही एक्सेल करप्ट म्हणतं. सर्व्हरच्या नावाने उघडा, किंवा तो पत्ता इंटरनेट ऑप्शन्समधल्या लोकल इंट्रानेटच्या साइट्समध्ये घाला. प्रोटेक्टेड व्ह्यू मात्र बंद करू नका, मेलमधून आलेल्या फाइलींनाही तेच अडवतं.

'लॉक्ड फॉर एडिटिंग' आलं तर एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स (लपवलेल्या फाइली) दाखवा. '~$' ने सुरू होणारी त्याच नावाची छोटी फाइल दिसेल. ज्याचं नाव येतंय त्याला जाऊन विचारा, त्याच्याकडे खरंच बंद असेल तरच ती छोटी फाइल उडवा. एक्सप्लोररचा प्रिव्ह्यू पेनही फाइल धरून बसतो.

फोल्डरात फोल्डर करत पत्ता २१८ अक्षरांपुढे गेला की एक्सेल उघडत नाही, नावं छोटी करा. परवानगी शेअरची आणि फोल्डरची, दोन्ही तपासा, बदल सेव्ह करायचे तर शेअरवर 'चेंज' आणि फोल्डरवर 'मॉडिफाय' हवं. पासवर्ड बदलला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (विंडोज पासवर्ड साठवतं तिथला) जुना काढा.

कॉपी काढली ना?