अण्णांची येझदी पुन्हा सुरू झाली

साताऱ्यात घरामागे अण्णांची येझदी मोटरसायकल नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. पिस्टन धरलेला (अडकून बसलेला) असताना किकवर जोर काढू नये. गंज काढायला टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट घालून हलवत बसलो, मग सोड्याच्या पाण्याने धुतली. तरी स्पार्क नाही! पॉइंटवर (स्पार्कसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर) काळा थर होता. बारीक पॉलिशपेपरने घासून ०.४ मिमी गॅप धरला. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोकळा केला तो वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने (सुई घालू नका, भोक मोठं होतं). पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिलि टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल. सहाव्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. अण्णा ओट्यावरून उठून आले, किकचाच दांडा पुढे वळवला आणि पहिला गिअर टाकला.