दिंडी दरवाजा आणि मधेच आलेला जिना

पेचाकुचा म्हणजे स्लाइड दाखवत बोलायचा एक प्रकार: 20 स्लाइड, प्रत्येकीला 20 सेकंद. सगळं मिळून 6 मिनिटं 40 सेकंद. स्लाइड आपोआप सरकतात, तुम्ही थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत. 2003 मध्ये टोकियोत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या आर्किटेक्ट जोडीनं हे सुरू केलं. आर्किटेक्टच्या हाती माइक गेला की तो परत येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आमच्या आर्किटेक्चर कॉलेजातल्या ज्युरीतही, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, वेगळं काही नसायचं म्हणा.

तिसऱ्या वर्षाला मी वाईतल्या एका वाड्यावर बोललो. नेहमीसारखं भाषण लिहिलं, त्याचे वीस तुकडे पाडले आणि तिथंच फसलो. दिंडी दरवाजाचं कौतुक अर्ध्यावर असताना पडद्यावर जिना हजर. "हा जो... म्हणजे मघाचा दरवाजा..." मागून आवाज आला, "गाडी सुटली रे!" नंतर मी नुसता पळत होतो. आभाराची स्लाइड आली तेव्हा मी अजून माजघरातच होतो.

त्या रात्री मोबाइलवर टायमर लावून स्वतःला मोजलं. 20 सेकंदांत माझे जेमतेम 40 शब्द होतात. तेव्हापासून स्लाइडमागे तीसच लिहितो. मागे पडलात तर हातातलं वाक्य सरळ सोडा आणि पडद्यावर जे आहे त्यावर या. काय गळलं ते फक्त तुम्हालाच कळतं.

पॉवरपॉइंटमध्ये ट्रान्झिशन्समध्ये जाऊन 'ऑन माऊस क्लिक'ची खूण काढा आणि 'आफ्टर'मध्ये 20 सेकंद भरा. अ‍ॅनिमेशन अजिबात नको, ते संपल्यावरच घड्याळ सुरू होतं आणि हिशेब बिघडतो. इग्नाइट नावाच्या भावंडात स्लाइडला 15 सेकंदच मिळतात. नवख्यानं तिकडे लगेच जाऊ नये, असं माझं मत.

आणि सगळ्या स्लाइडना सारखं वागवू नका. दुसऱ्या खेपेला तोच वाडा घेतला, पण ओसरी-पडवी एकाच स्लाइडमध्ये उरकली आणि जिन्याला तीन दिल्या: आधी भिंतीतला अंधारा चढ, मग मधोमध झिजलेली पायरी, मग धरायला वरून सोडलेला दोर. दोराच्या स्लाइडला मी काहीच बोललो नाही. वीस सेकंद गप्प उभं राहणं फार लांबतं, घाम फुटला होता.

नंतर चहाच्या वेळी तिघांनी येऊन एकच विचारलं, तो दोर अजून आहे का तिथं?