घाट उतरण्याआधी ब्रेकची तयारी

सायकल गाडीत टाकून घाटमाथ्यावर नेणार असाल तर पहिलं काम एकच. पुढच्या ब्रेकची नळी खाचेत बसली आहे का ते बघा. व्ही-ब्रेकची, म्हणजे दोन आर्मनी रिमच्या दोन्ही बाजूंना रबर दाबणाऱ्या ब्रेकची, केबल एका वाकड्या धातूच्या नळीतून त्या आर्मकडे जाते. चाक काढायचं तर आर्म दाबून ती नळी सोडवावी लागते, नाहीतर फुगलेला टायर रबरांमधून निघत नाही. चाक परत घालताना एक्सल आवळला जातो, हवा बघितली जाते, फोटो निघतात आणि नळी लोंबकळत राहते. मागच्या वेळी पाचगणीहून वाईकडे उतरताना माझी अशीच राहिली. पसरणी घाटाच्या पहिल्याच वळणाआधी लिव्हर थेट मुठीला टेकला आणि चाकावर काहीच लागलं नाही. नुसत्या मागच्या ब्रेकवर, पाय घासत कशीबशी थांबले.

हेल्मेट, पाणी, पंक्चरचं सामान हे सांगायला नकोच.

मागचा ब्रेक आहे ना, मग काय होतंय, असं कुणी म्हणू नका. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढे जातो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं, आणि हलकं चाक लगेच घसरतं. म्हणून कोरड्या डांबरावर सायकल थांबते ती मुख्यतः पुढच्या ब्रेकने. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात सायकल सेकंदाला ८ मीटरहून जास्त जाते. पुढचा नीट लावला तर सपाटीवर ७-८ मीटरमध्ये थांबता येतं, नुसत्या मागच्यावर त्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. उतारावर दोन्ही आकडे वाढतात. घाटात समोरून एसटी वळत असते तेव्हा हे जास्तीचे मीटर कुठून आणणार? म्हणून नळी. निघताना एकदा, आणि चहाला थांबून परत निघताना पुन्हा एकदा.

कुठला लिव्हर कुठल्या चाकाचा हेही तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा असतो, मोटारसायकलसारखाच. पण दुसऱ्याची किंवा परदेशातून आणलेली सायकल उलटी असू शकते. सायकल हाताने पुढे ढकला आणि एक लिव्हर दाबा. मागचं चाक उचललं गेलं तर तो पुढचा. दोन्हींपैकी कशानेच उचललं गेलं नाही तर आधी नळी बघा.

रबराच्या खाचा दिसायला हव्यात. रबर रिमवरच बसायला हवं. टायरला घासत असेल तर टायरची बाजू कापली जाते आणि टायर नको त्या ठिकाणी फुटतो. लिव्हर पूर्ण दाबल्यावर मुठीपासून बोटभर तरी लांब राहिला पाहिजे. लिव्हरपाशी केबलची एक जरी तार तुटलेली दिसली तर केबल आजच बदला. चेनला तेल घालताना रिमवर किंवा डिस्क-ब्रेकच्या चकतीवर (डिस्कवर) थेंब पडू देऊ नका. डिस्कवाल्यांना नळीची कटकट नाही, पण ब्रेक हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) असेल तर चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. डिस्क धरणारे पॅड जवळ येऊन बसतात आणि डिस्क आत जात नाही. प्रवासात पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा.

सराव घाटात नाही, आदल्या दिवशी रिकाम्या सपाट रस्त्यावर करायचा. 'पुढचा दाबलास तर तोंडावर आपटशील' हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि त्या धाकाने कित्येक जण जन्मभर मागच्याच ब्रेकवर सायकल चालवतात. बहुतेक वेळा पुढचा कचकन आवळला आणि हात सैल असले की माणूस पुढे फेकला जातो. कंबर सीटच्या मागे न्या, हातांनी हँडलला नेट द्या, दोन बोटांनी दाब हळूहळू वाढवा. मागचं चाक सरकायला लागलं की पुढचा जरा सैल करा. हे हातात बसेपर्यंत करत राहा.

पाचगणी ते वाई १२ किलोमीटरच्या आसपास आणि उतार साडेपाचशे मीटरहून जास्त. एवढा वेळ ब्रेक घासत ठेवला तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात शिरल्यावर नाही.

पावसात रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मग धरतं, तेव्हा लवकर दाबायला लागा. खडी, शेवाळ, शेण, ओले पांढरे पट्टे दिसले की पुढचा सोडून मागच्यावर या. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

खाली पोचल्यावर डिस्कला हात लावू नका, भाजतं. रबरात रुतलेले खडे टाचणीने काढा.