आजारी रेस्क्यू पोपट फॉस्टर करताय? आधी वजनकाटा आणा

फॉस्टर करणं म्हणजे सुटका केलेला पोपट कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळणं. आणि पोपट आजारपण लपवतो. जंगलात दुबळा दिसणारा पक्षी आधी शिकार होतो ना, म्हणून अंगात त्राण नसलं तरी तो ठीक असल्यासारखा बसून राहतो आणि आपल्याला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यामुळे खेळणीबिळणी नंतर, आधी एकेक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. रोज सकाळी खायच्या आधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं, वजन १० टक्के उतरलं तर उद्या बघू असं अजिबात नाही, लगेच डॉक्टर. तेही पक्ष्यांवर उपचार करणारेच शोधा, आणि शक्यतो पोपट घरी यायच्या आधी शोधून ठेवा.

घरात आणखी पक्षी असतील तर याला किमान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी, हात धुणं कंपल्सरी. सिटॅकोसिस हा आजार माणसांनाही होतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतो, म्हणून पिंजरा कोरडा झाडू नका, ओला करून पुसा आणि मास्क लावा.

पिसं फुगवून बसला असेल तर त्याला थंडी वाजत असावी. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ऊब द्या, साधारण ३० डिग्री, म्हणजे गरम झालं की त्याला दुसरीकडे सरकता येईल. श्वासासोबत शेपूट वरखाली होत असेल तर ती इमर्जन्सी समजा. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसला तर लिव्हरची शंका घ्या, फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. आणि नॉनस्टिक भांडी बंद, ती जास्त तापली की त्यांच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो.

रेस्क्यू पोपट बऱ्याचदा वर्षानुवर्षं नुसत्या बियांवर जगलेले असतात, त्यातून व्हिटॅमिन ए कमी पडतं, लिव्हरवर चरबी चढते. पण खाणं एका दिवसात बदलू नका, नवीन पेलेट्स (पक्ष्यांसाठीचं तयार गोळीवजा खाद्य) तो खाणं म्हणून ओळखतच नाही आणि सरळ उपाशी राहतो. बियांसोबत थोडं थोडं, आठवडे लागले तरी चालेल, वजनावर लक्ष ठेवून.

आता ट्रेनिंग. लोकांना वाटतं आधी बरा होऊ दे मग शिकवू, माझं मत उलटं आहे, आजारी पोपटालाच ट्रेनिंगची जास्त गरज असते, कारण रोज टॉवेलमध्ये पकडून औषध दिलं की तो आपल्याला घाबरायला लागतो आणि ती भीतीही तब्येतीला मारकच. सुरुवात टार्गेटने करा. एक काडी पुढे धरायची, चोच लागली की लगेच ‘येस’ म्हणायचं आणि आवडता खाऊ द्यायचा. दोन-तीन मिनिटं बास, तो कंटाळायच्या आधी थांबायचं. याच काडीमागे तो हळूहळू काट्यावर चढतो, कॅरियरमध्ये, म्हणजे न्यायच्या पेटीत जातो, मग हातावरही येतो. मात्र ट्रेनिंगसाठी उपाशी ठेवायचं नाही, आधीच खंगलेला जीव आहे.

सिरिंजचंही तसंच. आधी रिकामी सिरिंज दाखवून खाऊ, मग चोच लावली की खाऊ, मग पाण्याचा एक थेंब, औषध सगळ्यात शेवटी. आजपासूनच औषध द्यावं लागणार असेल तर टॉवेलला पर्याय नाही, पण धरायचं कसं ते डॉक्टरांकडून समोर शिकून घ्या. छाती दाबायची नाही, पक्ष्यांना डायफ्राम, म्हणजे छातीखालचा श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही. औषध हळूहळू द्या, घाईत ओतलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि हे टॉवेलचं काम ट्रेनिंग करता त्या जागेवर करू नका, ती जागा त्याच्यासाठी चांगलीच राहू दे.

बुबुळं झपाझप लहानमोठी होतायत, अंग ताठ झालंय, की हात मागे घ्या. चावल्यावर ओरडू नका, त्याने फक्त भीती वाढते. पिसं उपटत असेल तर आधी तपासण्या करा, खाज किंवा दुखणं असताना कसली सवय मोडणार तुम्ही?

फॉस्टर आहे हे मात्र विसरू नका. घरातल्या दोघातिघांनी त्याला हाताळावं, नाहीतर तो एकाच माणसाचा होऊन बसतो. वजनाची वही, औषधांचे डोस, कोणत्या शब्दाला तो हातावर येतो, हे सगळं नव्या घराला लिहून द्या, आणि ते लोक न्यायच्या आधी दोन-तीनदा येऊन काडीचं ट्रेनिंग तुमच्यासमोर स्वतः करून गेले तर फारच उत्तम.