मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताय? फोकसच्या या चुका टाळा

नागपुरात मारबतीची मिरवणूक असो, दीक्षाभूमी असो की फुटाळ्याची संध्याकाळ, आता बरेच जण कॅमेरा डोळ्याला लावतच नाहीत. हात वर करून किंवा कॅमेरा पोटाशी धरून, मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढतात. त्यात वावगं काही नाही. गर्दीत लोकांच्या डोक्यांवरून फ्रेम धरायची असेल किंवा कॅमेरा लहान मुलाच्या उंचीवर न्यायचा असेल, तर स्क्रीनसारखी सोय नाही. पण घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडला की कळतं, चेहरा पुसट आणि मागची भिंत एकदम स्पष्ट. मग खापर फुटतं लेन्सवर, नाहीतर नवा कॅमेरा घ्यायचे बेत सुरू होतात.

थांबा. नवा कॅमेरा घेण्याआधी सेटिंग बघा. फोटो काढताना कॅमेऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: फोकस कधी करायचा आणि कुठे करायचा. आपण सहसा एकच सांगतो, दुसरी कॅमेरा स्वतःच्या मनाने ठरवतो.

मोड एक, एरिया दुसरा

‘कधी’ हे फोकस मोड ठरवतो. कॅननमध्ये त्याला वन शॉट आणि सर्वो म्हणतात; निकॉन, सोनी, फुजीफिल्ममध्ये एएफ-एस आणि एएफ-सी. पहिल्या प्रकारात शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस एकदा लागतो आणि तिथेच लॉक होतो. दुसऱ्यात बटण अर्धं दाबलेलं असेपर्यंत कॅमेरा अंतर मोजत राहतो आणि लेन्स हलवत राहतो. ‘कुठे’ हे एरिया ठरवतो: एकच छोटा चौकोन, झोन (फ्रेमचा ठरावीक भाग), अख्खी फ्रेम, चेहरा किंवा ट्रॅकिंग (विषयाच्या मागे फिरणारा चौकोन).

नेहमी होणारी चूक अशी, की माणूस एरियामध्ये ट्रॅकिंग निवडतो आणि मोड वन शॉटवरच राहतो. कॅनन आणि निकॉनच्या अनेक मॉडेलमध्ये अशा वेळी स्क्रीनवरचा चौकोन धावणाऱ्या पोराच्या मागे छान पळताना दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, काम झालं. पण बटण अर्धं दाबलं त्या क्षणी फोकस लॉक झालेला असतो. त्यानंतर पोरगं दोन पावलं पुढे आलं की फोटो गेला. चालता-फिरता विषय असेल तर आधी मोड बदला, एरियाचं नंतर बघा.

काही कॅमेऱ्यांत तिसरा पर्याय असतो, एआय फोकस किंवा एएफ-ए. समोरचा विषय हलतोय की स्थिर आहे, हे कॅमेराच ठरवणार. ऐकायला सोयीचं वाटतं, पण मी तो कुणालाच सुचवत नाही. गर्दीत सगळंच हलत असतं आणि कॅमेऱ्याचा निर्णय होईपर्यंत वेळ निघून जाते.

डीएसएलआरची स्क्रीन म्हणजे वेगळाच कॅमेरा

आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोकांच्या हातात डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले कॅमेरे आहेत, कॅननचा १५००डी, निकॉनचा डी३५०० असे. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) झटकन फोकस घेणारा हाच कॅमेरा स्क्रीनवर गेला की पुढे-मागे हुडकत का बसतो, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

कारण कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. व्ह्यूफाइंडर वापरताना लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा काही भाग आरशातून खाली जातो. तिथे फोकससाठी वेगळा सेन्सर बसवलेला असतो. फोकस पुढे न्यायचा की मागे आणि साधारण किती, हे त्याला एका मापात कळतं. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय, सुरू केला की आरसा वर उचलला जातो आणि त्या सेन्सरपर्यंत प्रकाशच पोचत नाही. मग कॅमेरा मुख्य सेन्सरवरची प्रतिमा बघत लेन्स थोडी थोडी हलवतो, कॉन्ट्रास्ट सगळ्यात जास्त कुठे मिळतो ते शोधतो, त्याच्या थोडा पुढे जातो आणि परत येतो. स्क्रीनवर दिसणारं ते मागे-पुढे म्हणजे बिघाड नाही, ती पद्धतच तशी आहे.

२०१३ साली कॅननने ७०डीमध्ये ड्युअल पिक्सेल, म्हणजे मुख्य सेन्सरवरूनच फोकसचं अंतर मोजणारं तंत्र, आणलं, तेव्हा डीएसएलआरच्या स्क्रीनवरचा फोकस पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वेगवान झाला. पुढे ८०डी, ८००डी, २००डी यांतही ते आलं. तुमच्या कॅमेऱ्यात ते नसेल तर पळणारा विषय स्क्रीनवरून टिपायचा हट्ट सोडा आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावा. १५००डीमध्ये क्विक मोड नावाचा एक पर्याय आहे. त्यात आरसा क्षणभर खाली येतो, जुन्या पद्धतीने फोकस घेतो आणि पुन्हा वर जातो. त्या वेळी स्क्रीन काळी पडते, ती बघून घाबरू नका.

निकॉनवाल्यांची एक वेगळी फसगत होते. डी३५०० आणि डी५६०० मध्ये स्क्रीनवर एएफ-सी मिळतच नाही, एएफ-एफ मिळतो. नाव वाचून वाटतं हा सतत फोकस करणारा मोड. तो सतत फोकस करतो खरा, पण बटण अर्धं दाबेपर्यंतच! अर्धं दाबलं की लॉक. म्हणजे समोरून येणाऱ्या माणसावर बटण अर्धं धरून ‘आता जवळ आला की काढू’ म्हणत थांबलात, तर फोकस जुन्याच जागी राहतो. एएफ-एफमध्ये अर्धं दाबून थांबायचं नाही, नेमक्या क्षणी बटण एका दमात पूर्ण दाबायचं. शिवाय हा मोड लेन्स सारखी फिरवत ठेवतो, त्यामुळे बॅटरीही लवकर संपते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. स्थिर विषयासाठी डीएसएलआरची स्क्रीन व्ह्यूफाइंडरपेक्षा जास्त भरवशाची. फोटो ज्या सेन्सरवर उमटणार त्याच सेन्सरवर फोकस तपासला जातो, त्यामुळे फोकस नेहमीच थोडा पुढे किंवा थोडा मागे लागण्याचा दोष इथे येत नाही. झिरो माइलचे घोडे, जुन्या वाड्याचं कोरीव दार, टेबलावर ठेवलेलं सावजीचं ताट, असे फोटो निवांत स्क्रीनवरूनच काढा.

चेहरा ओळखला, पण कुणाचा?

मारबतीच्या दिवशी इतवारीत उभं राहून बघा. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे, त्यांच्यासोबत बडगे नावाचे पुतळे, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नेत्यांचे फ्लेक्स. कॅमेरा फेस डिटेक्शनवर असतो. समोर घोषणा देणारा तरुण आहे, हात वर, मान किंचित वळलेली, निम्म्या चेहऱ्यावर गुलाल. मागच्या फ्लेक्सवर मात्र सरळ समोर बघणारे, चांगला उजेड पडलेले, हसरे चेहरे ओळीने आहेत. कॅमेऱ्याच्या हिशेबात फ्लेक्सवरचा चेहरा जास्त ‘चेहरा’ ठरतो आणि चौकोन तिकडे जाऊन बसतो. बडग्याच्या रंगवलेल्या डोळ्यांवरही तो असाच जातो. भर उन्हात, हात वर करून धरलेल्या स्क्रीनवर चौकोन नेमका कुठे आहे ते दिसतही नाही.

अशा ठिकाणी चेहऱ्याचा मोड बंद करून झोन घ्या. झोन फ्रेमच्या मधल्या-खालच्या भागात ठेवला की कॅमेरा त्या भागातल्या, सहसा जवळच्या वस्तूला धरतो आणि फ्लेक्स बाहेर राहतात. काही मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, ठरावीक झोनच्या आतच चेहरा शोधायची सोय असते. ती तुमच्याकडे असेल तर सर्वोत्तम.

त्याच दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात अडचण उलटी येते. सजवलेला लाकडी बैल पुढे, दोर धरून उभं असलेलं मूल मागे. तुम्ही खाली बसून कॅमेरा जमिनीलगत नेता. झोन किंवा पूर्ण फ्रेमचा एरिया असेल तर कॅमेरा जवळच्या बैलाची शिंगं पकडतो आणि मुलाचे डोळे जातात. इथे चेहऱ्याचाच मोड हवा. कॅमेऱ्यात तो नसेल तर एकच छोटा चौकोन डोळ्यावर ठेवा. आणि दोघंही स्पष्ट हवे असतील तर मोड बदलून ते होणार नाही. अॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) एफ/८ च्या आसपास न्या आणि दोन पावलं मागे सरका.

जंगलातही फसगत हीच. पेंच किंवा ताडोब्यात जिप्सी थांबते, वाघ गवतात बसलेला असतो आणि मोठा एरिया ठेवलेला कॅमेरा पुढची गवताची पाती धरतो. एकच पॉइंट, तो वाघाच्या डोळ्याजवळ. विषय ओळखण्याची सोय असेल तर ती माणसावरून प्राण्यावर आणलीय ना, हे गेटवरच तपासून घ्या.

जिथे पकडायला काही नाही, तिथे चौकोन ठेवू नका

दीक्षाभूमीचा स्तूप स्क्रीनवर टिपताना कॅमेरा हुडकत बसतो, ही तक्रार बरेचदा ऐकतो. चौकोन बहुधा पांढऱ्या, गुळगुळीत घुमटाच्या मधोमध असतो. तिथे रेघ नाही, कड नाही, पोत नाही. कॉन्ट्रास्टच नाही तर कॅमेरा फोकस करणार कशावर? चौकोन घुमट आणि आकाश जिथे भेटतात त्या कडेवर किंवा खालच्या खांबांवर न्या, फोकस लगेच लागेल. साधी भिंत, धुकं, एकाच रंगाची साडी, अंधारातलं अंबाझरीचं पाणी, सगळीकडे हाच उपाय.

मिररलेसमध्ये आणखी एक बारकावा आहे. सेन्सरवरचे फोकस पॉइंट बहुतेक कॅमेऱ्यांत उभ्या रेघा चांगल्या ओळखतात, आडव्या रेघांवर अडखळतात. पत्र्याच्या शेडची आडवी कड किंवा खिडकीच्या आडव्या पट्ट्या धरेनात, तर कॅमेरा थोडा तिरका करून फोकस घ्या, लॉक करा आणि पुन्हा सरळ करा. हे अर्थात वन शॉटमध्येच. सर्वोमध्ये फ्रेम हलवली की फोकसही हलतो. तिथे फ्रेम हलवायची नाही, पॉइंट हलवायचा.

बोटाने हललेला पॉइंट

टचस्क्रीनवर बोट टेकवून फोकस घेणं ही फार उत्तम सोय आहे. पण कॅमेरा गळ्यात लटकत असताना शर्टाचं बटण किंवा अंगठा स्क्रीनला लागतो आणि पॉइंट कोपऱ्यात जाऊन बसतो. पुढचे सगळे फोटो त्या कोपऱ्यावर फोकस होतात. काही कॅमेऱ्यांत बोट लागलं की ट्रॅकिंग सुरू होतं आणि रद्द करेपर्यंत चालूच राहतं. निकॉनमध्ये ओके बटण पॉइंट मध्यभागी आणतं. बाकीच्यांत बहुधा एखाद्या बटणाला हे काम नेमून देता येतं. ते आजच करून ठेवा आणि कॅमेरा हातात घेतला की आधी ते बटण दाबायची सवय लावा. टच शटर मात्र बंदच ठेवा. नको तेव्हा फोटो निघतात आणि बोट टेकवताना कॅमेरा हलतो तो वेगळाच.

छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं

साध्या कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सुमारे १० लाख डॉट असतात. तीन डॉट मिळून एक पिक्सेल, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पिक्सेल. फोटो असतो २४ मेगापिक्सेलचा. फोटोतले सत्तरेक पिक्सेल दाबून स्क्रीनवर एक दिसतो, मग हुकलेला फोकस तिथे कळणार कसा? फोटो काढल्यावर झूम करून डोळा तपासा. स्थिर विषय असेल तर काढण्यापूर्वीच ५ पट किंवा १० पट मोठं करून बघा.

काटोलकडे संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची फुलं टिपायची असतील, तर मी ऑटोफोकस वापरतच नाही. ट्रायपॉड, स्क्रीनवर १० पट मोठं केलेलं चित्र, मॅन्युअल फोकस आणि वारा थांबायची वाट. फूल एवढं जवळ असतं की केसराच्या टोकावरून पाकळीवर फोकस सरकला तरी फोटोचा विषयच बदलतो. आणि कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स कितीही केलं तरी फोकस घेईना, तर आधी मागे सरका. कॅननच्या १८-५५ एसटीएम लेन्सला विषय किमान २५ सेंटीमीटर लांब लागतो, ५० एमएम एफ/१.८ एसटीएमला ३५. त्यापेक्षा जवळ कोणताही मोड चालणार नाही.

मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता नागपुरात स्क्रीनवर काही दिसणं कठीणच. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, टोपीची नाहीतर दुपट्ट्याची सावली करा. लाइव्ह व्ह्यू सलग चालू ठेवला तर सेन्सर तापतो. कॅननच्या स्क्रीनवर थर्मामीटरचं पांढरं चिन्ह आलं तर फोटोचा दर्जा घसरू शकतो. लाल झालं की थोड्या वेळात लाइव्ह व्ह्यू आपोआप बंद होणार. दोन फोटोंच्या मध्ये तो बंद करत चला.

चूक फोकसची आहे का, ते कसं ओळखायचं

सेटिंग बदलण्याआधी बिघडलेला फोटो पूर्ण मोठा करून बघा. विषय पुसट आहे, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काही एकदम स्पष्ट आहे? मग फोकस हुकला. मोड आणि एरिया तपासा. सगळंच एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसतंय? मग हात हलला. स्क्रीन बघताना हात लांब जातात, म्हणून हे जास्त होतं. कोपरं पोटाशी घ्या आणि गळ्यातला पट्टा ताणून धरा. मागचं सगळं जागच्या जागी स्पष्ट आणि फक्त माणूस फराटल्यासारखा? मग फोकस बरोबर होता, शटरचा वेग कमी पडला. चालणाऱ्या माणसाला १/२५०, पळणाऱ्या मुलांना १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी चालेल.